आखडून बांधलेला दोर

गेली तीन वर्षं माझे यजमान, सतीश, दर दुसऱ्या शनिवारी पहाटे दोन मित्रांना घेऊन समुद्रावर मासे गरवायला जातात. तिघांनी मिळून एक जुनी फायबरची होडी घेतलीय, इंजिनासकट. ती देवगडच्या अलीकडच्या एका खाडीत बाबल नावाच्या माणसाकडे असते. माझा वाटा म्हणजे शनिवारचा डबा आणि रविवारी संध्याकाळी भिजत घालायचे वासाचे कपडे.

यंदा जूनमध्ये मुलगी पुण्याला शिकायला गेली. शिवाजी पेठेतल्या घरात दोघंच उरलो. जेवताना बोलायला काही सापडेना. मग टीव्ही लावायचो. नोव्हेंबरात मीच म्हटलं, "या वेळी मला न्या की." मनात एवढंच होतं, की हे जमलं तर पुढच्या वर्षांत दोघांनी मिळून करायला काहीतरी राहील. नाही जमलं तर काय, याचा विचार मी मुद्दाम केला नव्हता.

"चल की," ते म्हणाले. इतक्या पटकन, की मला बरं वाटलं.

पहाटे पाचला निघालो. राधानगरीत चहा आणि गरम भजी, पुढे दाजीपूरचं जंगल, मग फोंडा घाट. जाणार असाल तर उजाडताना घाटात पोचा, ट्रक कमी असतात. वळणांनी मळमळतं, म्हणून उलटीची गोळी राधानगरीतच घ्या. तीच होडीतही उपयोगी पडते. थांबत थांबत चार तास लागतात.

घाट उतरताना त्यांचा मित्र विकासचा फोन आला. गाडीच्या स्पीकरवर.

"पावणं, मेव्हण्याचा साखरपुडा नसता तर आलोच असतो बघ. अन् आपल्या तिसऱ्या गड्याचा गुडघा सुजलाय. एकटाच गेलास व्हय?"

"न्हाय, ही हाय संगट."

"वैनी? मग कसलं मासं घावत्यात आज."

दोघंही हसले. मी खिडकीतून खाली बघत राहिले. दोघांनाही जमत नव्हतं, म्हणून होडीत माझ्यापुरती जागा झाली होती. तरी म्हटलं, झाली तर आहे.

बाबलच्या घराला लागून दोन खोल्या आहेत. पंधराशे रुपये, जेवण वेगळं. त्याच्या बायकोने केलेलं बांगड्याचं तिखलं आणि उकड्या तांदळाचा भात मी दोनदा घेतला. तिकडे जाऊन सुरमईच मागू नका. ती आपल्याकडेही मिळते, आणि बरी मिळते.

बाबलला त्या दिवशी बहिणीच्या गावी जत्रेला जायचं होतं. निघण्याआधी त्याने बादलीत जिवंत कोळंबी आणून दिली आणि मला लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेली साधी गरी दिली, म्हणजे दोरी, शिसं आणि गळ. "वयनीनू, दोरी बोटाक गुंडाळू नकात, कापतली." मग सतीशकडे वळून, "आणि परत इलास की होडी काठाक बांधू नकात. मधी नांगर टाका. माझी बाईल लहान होडीतसून तुमका आणतली."

"व्हय व्हय," सतीश म्हणाले.

तीनच्या सुमाराला निघालो. भरती चढत होती. लाइफ जॅकेट घाला, कितीही उकडलं तरी. टोपीला बंद लावा, माझी पहिल्या पाच मिनिटांत गेली. खाडीचं तोंड येईपर्यंत पाणी हिरवं असतं, पुढे एका रेघेपलीकडे ते एकदम निळं होतं, आणि तिथे होडी खालून कुणीतरी उचलावी तशी उचलली जाते. मला भीती वाटली आणि आवडलंही.

खडकांजवळ नांगर टाकला. त्यांच्याकडे रीळवाला रॉड होता, माझ्याकडे गरी. कोळंबी शेपटीकडून कशी ओवायची, ते त्यांनी मला माझा हात धरून दाखवलं. असा हात त्यांनी कधी धरला होता, ते आठवेना. "जिती राहिली पायजे. जिती दिसली तरच मोठा मासा येतो," ते हळू आवाजात म्हणाले. त्या अर्ध्या तासात ते मला कितीतरी सांगत होते, वारा, खडक, कुठला मासा कसा ओढतो. मी ऐकत होते. ही माणसं दर पंधरा दिवसांनी इतकं बोलतात तर, असं मनात आलं.

दोन तास काही नाही. त्यांचे दोन गळ खडकात तुटले. एक शेंगटी आली, विषारी काट्यांचा मासा, ती परत टाकली. ऊन उतरायला लागलं आणि माझ्या हातातली दोरी एकदम जड झाली.

मी घाबरून ती बोटाला गुंडाळली. नको सांगितलेलं तेच केलं. दोरी कातडीत शिरली, पण सोडली नाही.

"ढील देऊ नको! ओढ, ओढ की!" सतीश रॉड टाकून आले. मी ओढत गेले. पाण्याखालून आधी तांबूस उजेडासारखं काहीतरी आलं, मग मासा. त्यांनी जाळी खाली धरून तो आत घेतला. तांबोशी. अडीच-तीन किलोची तरी असेल.

"दे इकडं," ते म्हणाले. त्यांनी ती दोन्ही हातांवर तोलली आणि पुढे धरली. "फोटो काढ. मागं समुद्र येऊ दे."

मी फोटो काढला. माझ्या बोटाचं रक्त फोनला लागलं, ते ओढणीला पुसलं.

परतलो तेव्हा खाडी काठोकाठ भरली होती. धक्क्याची वरची पायरी तेवढी कोरडी. "नांगर टाकायचा ना?" मी विचारलं.

"एवढ्यासाठी त्या बाईला कशाला तरास? पंचगंगेवर लहानपणापास्नं होडी बांधतोय."

ते मासा घेऊन उतरले. मी पुढचा दोर धक्क्यावरच्या कडीला बांधला, दोन हात मोकळा ठेवून.

"एवढा ढिला? वाहून जाईल. आखडून बांध."

मी आखडून बांधला. नदीवर वाढलेल्या माणसाला पाणी वाहून नेतं, एवढंच माहीत असतं. ते जागच्या जागी पुरुषभर खाली उतरतं, हे मलाही सुचलं नाही. तीन वर्षांत त्यांनाही समजलं नव्हतं, कारण तीन वर्षं होडी बाबल बांधत होता. हे तिघं उतरून थेट जेवायला जायचे.

सकाळी धक्क्यावर गेलो तर होडीचं नाक तेवढं कडीला लटकलेलं दिसत होतं. ओहोटीला पुढचा भाग दोराने वर धरून ठेवलेला, मागचा इंजिनाच्या वजनाने खाली गेलेला, आणि पाणी आत. पहाटेची भरती येऊन तिच्यावरून परत निघाली होती. डबे, कॅन, बादली, काहीच जाग्यावर नव्हतं.

बाबल नुकताच परतला होता. तो होडीकडे बघून शांतपणे म्हणाला, "नदीचा पाणी जाता. खाडीचा जाता नि येता. दोरी लांब सोडूक व्हयी हुती."

सतीशनी खिशातून फोन काढला. थोडं बाजूला जाऊन त्यांनी तो विकासला लावला. मी चार पावलांवर होते.

"इंजिन गेलं रे. काय सांगू. हिनं आखडून बांधली."

मग घाट चढून परत निघालो. राधानगरीत त्यांनी चहा घेतला, मी गाडीतच बसले. त्यांचा फोन सीटवर वाजत होता. तिघांच्या ग्रुपवर शनिवारीच टाकलेला फोटो होता, खाली ओळ, "आज दर्या खूश." त्याखाली विकासचा अंगठा. "भावा, काढलास की मोठा!"

सोमवारी संध्याकाळी विकास घरी आला. मी चहा पुढे केला.

"वैनी, पंचगंगंचा दोर खाडीला बांधलासा व्हय?"

मी सतीशकडे पाहिलं. ते बशीत चहा ओतत होते. अगदी सावकाश, थेंब सांडू न देता.

"हो," मी म्हटलं, "मीच बांधला."

तो गेल्यावर ते म्हणाले, "मनाला लावून घेऊ नको. चेष्टा करायची सवयच हाय त्येला."

"आखडून बांध, असं कुणी म्हटलं होतं?"

त्यांनी थोडा विचार केला. खरंच केला. "पण बांधलीस तूच की," ते म्हणाले, आणि टीव्ही लावला.

होडी दुरुस्त होतेय. तिघं पुन्हा जातील, मी डबा देईन. तुम्ही गेलात तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला, आणि दोर लांब सोडा.

डाव्या तर्जनीवर एक बारीक पांढरी रेघ राहिली आहे. कणीक मळताना दिसते. त्या दोन दिवसांतली तेवढीच एक गोष्ट, जी कुणी माझ्याकडून घेतली नाही आणि कुणी माझ्यावर टाकलीही नाही.