माझ्या पोटावरची रेघ कोणी ठरवली

“श्वास सोडा आणि डोकं जरासं वर उचला,” स्त्रीरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या. मी उचललं. त्यांनी माझ्या बेंबीच्या वर बोटं टेकवली आणि चारही बोटं आत गेली. मला ती आत जाताना कळली.

“ही चरबी नाही,” त्या म्हणाल्या. “याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. पोटावरचे दोन उभे स्नायू गरोदरपणात बाजूला सरकतात. नंतर ते पुन्हा जवळ यायला हवेत, तुमचे आलेले नाहीत. बेंबीपाशी छोटा हर्नियासुद्धा आहे.”

माझी धाकटी मीरा तेव्हा तीन वर्षांची होती. म्हणजे तीन वर्षं मी एका फटीला जिरं-ओव्याचं पाणी पाजत होते. रात्रीची पोळी बंद केली होती, पहाटे चालायला जात होते, आणि तरी पोट सहाव्या महिन्यासारखं पुढे आलेलं. कंबर इतकी दुखायची की भांडी घासायला उभी राहिले तरी ओट्याला टेकावं लागे.

वाघोलीच्या ज्या कॉलेजात मी अकाउंट्स शिकवते, तिथली मुलं खुर्ची ओढून द्यायची. “मॅडम, बसून शिकवा ना, या दिवसांत कशाला उभं राहता?” त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून रागावताही येत नसे. घरी मात्र हेतूचाही प्रश्न नव्हता. आम्ही पुण्याजवळ मांजरीला राहतो, सासरची शेती होती, आता तिथे बिल्डिंगा आहेत. सासूबाईंचं निदान डॉक्टरांच्या आधीच तयार होतं. “आमची चार बाळंतपणं झाली. पोट बांधलं की जागेवर येतंय. हिनं बांधूनच घेतलं नाय.” मी बांधून घेतलं होतं. बांधणारी बाई त्यांनीच आणली होती.

हे मी अशा बायकांसाठी लिहिते आहे, ज्यांना सगळे ‘जरा पोट कमी कर’ म्हणतात आणि कोणी तपासायला सांगत नाही. आधी तपासून घ्या. मग हवं तर जिरं उकळा.

काही महिने फिजिओथेरपी केली. कंबरदुखी थोडी कमी झाली, फट तशीच राहिली. फिजिओथेरपिस्टनेच शेवटी सांगितलं, “व्यायामानं व्हायचं तेवढं झालं. आता सर्जनला भेटा.” नवऱ्याला, संदीपला घेऊन मी एका प्लास्टिक सर्जनकडे गेले.

तिथे मला पहिल्यांदा कळलं की टमी टकचे प्रकार असतात. त्याचं वैद्यकीय नाव अॅब्डोमिनोप्लास्टी, म्हणजे पोटाची सैल कातडी काढून आतले स्नायू शिवून घेणं. मिनी प्रकारात खाली छोटी चीर देतात, बेंबीला हात लावत नाहीत, आणि बेंबीखालचाच भाग दुरुस्त होतो. फुल प्रकारात चीर एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जाते, स्नायू वरपासून खालपर्यंत शिवतात, आणि बेंबी नव्या जागी बसवतात. एक्स्टेंडेडमध्ये चीर आणखी मागे, पाठीकडे नेतात. खूप वजन उतरलेल्यांना तो लागतो. लायपोसक्शन वेगळं. त्यात चरबी ओढून घेतात, स्नायूंची फट त्यानं मिटत नाही.

डॉक्टरांनी मला आरशासमोर उभं केलं, फुलची रेघ कुठून कुठे जाईल ते बोटानं दाखवलं आणि म्हणाले, “तुम्हाला फुल लागेल. फॅमिली कम्प्लीट आहे ना? पुन्हा दिवस राहिले तर शिवलेलं सैल पडू शकतं.” हे विचारताना ते संदीपकडे बघत होते. उत्तर मी दिलं. “दोन मुली आहेत. आणखी नको.” हे आमचं मीराच्या वेळीच ठरलं होतं. त्या बाळंतपणात रक्त चढवावं लागलं होतं.

घरी ही गोष्ट सांगितल्यावर सासूबाईंना ऑपरेशनची काळजी वाटली. माझी नव्हे, नातवाची. “ल्हान ऑपरेशन हाय म्हनतात ना एक, ते कर. मोठं केल्यावर पोरगं राहिलं पोटात तर?” मी म्हटलं, “राहणार नाही, आई.” त्या संदीपकडे बघत राहिल्या. संदीप म्हणाला, “बघू.”

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मला गाऊन आणि टोपी दिली. चीर कुठे द्यायची ते पेशंटला उभं ठेवूनच आखतात, कारण आडवं झाल्यावर पोट सरकतं. डॉक्टर स्टुलावर बसले आणि मार्कर पेननं रेघ काढू लागले. रेघ मध्येच थांबली. कमरेच्या हाडांच्या कितीतरी अलीकडे.

“डॉक्टर, रेघ छोटी आहे.”

“मिनीच करतोय ना आपण.”

“कोणी ठरवलं?”

“काल मिस्टरांचा फोन आला होता. तिसऱ्या चान्सचा विचार आहे म्हणाले. मग आत्ताच फुल कशाला? ते नंतरही करता येईल.”

“मला विचारलंत का?”

ते हसले. “मॅडम, हे फॅमिली डिसिजन असतं. मला वाटलं तुमचं बोलणं झालं असेल. सिस्टर आता सहीचे कागद आणतीलच.”

मी टोपी काढली. कपडे मागितले. सिस्टरनं ते आणून दिले.

बाहेर संदीप पेपर वाचत बसला होता. घरात असतो त्याच सवयीनं मी म्हटलं, “अहो, चला. ऑपरेशन रद्द झालंय.”

“का? काय झालं?”

“पेशंटला विचारायचं राहून गेलं.”

गाडीत तो म्हणाला, “आई रोज मागे लागली होती. तुझ्यापर्यंत वाद येऊ नये म्हणून मी मधला मार्ग काढला.” मधला मार्ग म्हणे. माझ्या पोटातून काढलेला. मी त्याला गाडी बिबवेवाडीला, माझ्या माहेरी घ्यायला सांगितली. मुलींनाही तिकडेच आणवलं. मार्करची ती रेघ कितीतरी दिवस गेली नाही. आंघोळ करताना ती दिसली की राग पुन्हा ताजा व्हायचा, आणि मी तो होऊ दिला.

आईच्या ओळखीतून दुसऱ्या सर्जन मिळाल्या. वयानं मोठ्या, मोजकं बोलणाऱ्या. संदीप आला होता, त्याला त्यांनी बाहेर बसायला सांगितलं. दार लावलं आणि विचारलं, “तुम्हाला आणखी मूल हवंय का? घरच्यांचं नंतर बघू.” मी नाही म्हणाले आणि रडले. एवढा साधा प्रश्न मला तोवर कोणी एकटीला विचारलाच नव्हता.

मग त्यांनी तपासलं. “तुमची फट सगळ्यात मोठी बेंबीच्या वर आहे. मिनी केली असती तर तिथपर्यंत कोणी पोचलंच नसतं. पोट वरून तसंच राहिलं असतं, कंबरही.” म्हणजे पहिल्या डॉक्टरांना हे माहीत होतं. त्यांनीच तर फुल सांगितली होती. एका फोनवर ते माझ्यावर बिनकामाचं ऑपरेशन करायला तयार झाले होते. नवऱ्यावरच्या रागाला निदान ओळख होती. या रागाचं काय करायचं, मला अजून कळलेलं नाही.

फुल ऑपरेशन झालं. सोपं अजिबात नव्हतं, ते नीट ऐका. पोटातून दोन नळ्या बाहेर येतात, त्यांना ड्रेन म्हणतात, आत साठणारं पाणी त्यातून बाटलीत येतं. पहिले काही दिवस कमरेत वाकूनच चालावं लागतं. चालावं मात्र लागतंच, नाहीतर पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचं, पट्टा बांधून ठेवायचा, मूल उचलायचं नाही. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची. बेंबीखालचा भाग मला आजही बधिर लागतो. पण ओट्यापाशी मी सरळ उभी राहते, आणि कॉलेजात खुर्ची कोणी ओढत नाही. त्या सर्जनबाईंची मी आयुष्यभर ऋणी आहे, शिवण्याइतकीच विचारण्यासाठी.

प्रकार निवडायला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा, माझी फट कुठे आहे आणि तुमची शिवण कुठपर्यंत जाईल. आणि रेघ काढताना आरशात बघा.

ड्रेनची बाटली संदीप रिकामी करायचा. भेटायला येणारे म्हणायचे, किती करतो तुझ्यासाठी. मी बाटलीवरचा आकडा वहीत टिपून ठेवायचे.

मी हॉस्पिटलात असतानाच एका दुपारी सासूबाई डबा घेऊन आल्या. माझ्याकडे बघून संदीपला म्हणाल्या, “आता बरी झाली की बघा तिसऱ्याचं. डॉक्टर काय बी म्हनतात.”

बाटली हातात घेऊन उभा असलेला संदीप म्हणाला, “नाही आई. आम्हाला दोन मुली पुरेत. हा विषय आता संपला.”

सासूबाईंनी डबा उघडला आणि वरणभात वाढला. कोणी आजारी पडलं नाही, कोणी घर सोडून गेलं नाही.

एवढंच वाक्य होतं. ते त्याच्या तोंडून निघावं म्हणून मला दोनदा ऑपरेशनचा गाऊन घालावा लागला.