काशीबाईंनी सरकारची फी भरली

काशीबाईंच्या हातचं मीठ कुणालाही फुकट मिळत नाही. कासू स्टेशनावरून खाडीकडे उतरणारा रस्ता जिथे संपतो, तिथे त्यांचं घर आणि घरापुढे मिठागर. शेजारीण वाटीभर मीठ न्यायला आली, तरी उंबऱ्यावर काहीतरी ठेवते. शेवग्याची शेंग, सुपारी, दोन मिरच्या, अगदीच काही नसेल तर जास्वंदीचं फूल. पैसे नकोत, पण हात रिकामा नको. फुकट नेलेलं मीठ उलटतं, म्हणजे कालवण नासतं, लोणचं कुजतं, जमलेली सोयरीक मोडते, असं तिथे मानतात.

काशीबाईंनी हा नियम मिठापुरता ठेवला नाही. दवाखान्यातून मोफत गोळ्या आणल्या, तर कंपाउंडरच्या टेबलावर सुके बोंबील ठेवून येतात. एका निवडणुकीत घरी साडी आली. ती आणणाऱ्याला त्यांनी जिवंत कोंबडा दिला आणि मत दुसऱ्याला दिलं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी त्यांची मुलगी दिपिका भाकरी खाता खाता बोलण्यात फसली. ती नागरी सेवा परीक्षेचा अभ्यास करते. फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस होता, संध्याकाळी सहापर्यंत.

"फी किती हाय गो?"

"फी नाय, आये. बायांना माफ हाय."

"माफ म्हंजे?"

"म्हंजे फुकट. सगळ्या देशात."

काशीबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला. "मागल्या वर्षी पन फुकटच बसलीस?"

दिपिकाने तोंडात मोठा घास घातला.

"तरीच उलटली!"

मागच्या वर्षी दिपिका थोडक्या गुणांनी नापास झाली होती. त्याची तिच्याकडे तीन कारणं होती. काशीबाईंना आता एकच पुरेसं होतं. त्यांनी फळीवरचं दिपिकाचं आधार कार्ड उचलून कमरेच्या पिशवीत खोचलं.

"सरकारनं कायतरी घेतल्याबिगर हे तुला भेटायचं नाय."

फोनमधला कार्डाचा फोटो धूसर म्हणून वेबसाइटने आदल्या दिवशीच परत केला होता. दिपिकापुढे इलाज नव्हता. काशीबाईंनी यंदाचं पहिलं पांढरंशुभ्र मीठ पिशवीत भरलं आणि दोघी पेणला निघाल्या.

रामवाडीत पोपटचं फॉर्म भरायचं दुकान आहे. त्याने दिपिकाचा बाकी सगळा फॉर्म भरून ठेवला होता, कार्ड तेवढं राहिलं होतं.

"पोपट, फी घे."

"मावशी, इथं पैसे भरायची जागाच नाय. मी 'स्त्री' दाबलं की ती उडते."

"मग 'पुरुष' दाब."

"मग दिपिकाला दाढी लावून बसवाल?"

"बरं, हे मीठ तरी घे."

"मी माझी मजुरी घेतली की. मी सरकार नाय, मावशी."

हे काशीबाईंना पटलं. सरकारचं देणं दुकानदाराला कसं द्यायचं? "मग सरकार बसतं कुठं?"

"दिल्लीला."

"त्याच्या अलीकडं?"

उत्तर काशीबाईंनाच सापडलं. रोह्याजवळ वरसेला त्यांचे चुलतदीर दिनानाथ राहतात. तहसील कचेरीतले निवृत्त कारकून.

"आये, ते रिटायर झाले!"

"पेन्शन कोनाची खातो? मग तो सरकारच."

स्टँडवर रोह्याची एसटी लागलेलीच होती. बायकांना एसटीत अर्धं तिकीट. काशीबाईंनी उरलेल्या अर्ध्यापोटी कंडक्टरच्या हातात दोन चिकू ठेवले. त्याने ते मुकाट्याने खिशात टाकले. या रस्त्यावरचे कंडक्टर त्यांना ओळखतात.

वरसेला दिनानाथ बनियनवर टीव्ही पाहत बसले होते. समोर टीपॉयवर मिठाची पिशवी आदळली.

"भावजी, हे सरकारला. दिपीच्या परीक्षेची फी."

सगळी हकिकत ऐकून दिनानाथ ताठ झाले. "वहिनी, अख्ख्या नोकरीत मी कोणाचा नारळसुद्धा घेतला नाही. ही लाच होते."

"कामाच्या आधी देतात ती लाच. आमची माफी तर होऊन बसली."

आतून दिनानाथांच्या बायकोचा, विमलबाईंचा आवाज आला, "घ्या हो! घरातलं मीठ संपलंय."

"घरात गेलं तर ते सरकारचं कसं?" दिनानाथ ओरडले. आता त्यांनाही चेव चढला होता. शर्ट घालून ते उठले. "सरकारी मीठ सरकारी पोटातच गेलं पाहिजे. चला!"

गल्लीच्या टोकाला सरकारी शाळा होती. पोरं जेवून वर्गात गेली होती, व्हरांड्यात खिचडीची भांडी पडली होती. स्वयंपाक करणाऱ्या हौसाबाईंचं माहेर खाडीकडचं. सगळं ऐकून त्यांनी मिठाला आधी हातच लावला नाही.

"फुकट कशी घेऊ गो बाय?" म्हणत त्यांनी उरलेली खिचडी दोन ताटल्यांत वाढली. मग पिशवी उचलून आत नेली.

सकाळच्या भाकरीनंतर दोघींच्या पोटात काही गेलं नव्हतं. ताटल्या चाटूनपुसून स्वच्छ झाल्या. दिपिकाने कार्डासाठी हात पुढे केला. काशीबाईंचा हात कमरेपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"थांब. मीठ दिलं, त्याची खिचडी खाल्ली. फिटलं. मग फी कुठं भरली?"

दिपिकाने आईकडे पाहिलं, मग दिनानाथकाकांकडे. काकांनी मान डोलावली. "हिशेबाने वहिनींचं बरोबर आहे."

"काका!"

घड्याळ चार वाजून गेल्याचं सांगत होतं. दिपिका रडेल असं हौसाबाईंना वाटलं. पण ती हसायला लागली, इतकी की तिला भिंत धरावी लागली. मग तिने ओढणी कमरेला बांधली, खिचडीचं सगळ्यात मोठं पातेलं नळाखाली ओढलं आणि त्यात अर्धी वाकून घासायला बसली.

"ते माझं काम हाय गो!" हौसाबाई म्हणाल्या.

"सरकारचं पातेलं हाय ना?" पातेल्यातून आवाज घुमला. "मग ही माझी फी! आणि हौसामावशी, तुम्ही याचं कायबी द्यायचं नाय! चहा पन नाय!"

काशीबाई पातेल्यात डोकावल्या. एका जागी बोट ठेवून म्हणाल्या, "इथं करपलंय." दिपिकाने तेही काढलं. तेव्हा कुठे कार्ड कमरेतून बाहेर आलं.

व्हरांड्यातल्या उन्हात फोटो स्वच्छ आला. दिपिकाने तो पोपटला पाठवला आणि सगळे फोनभोवती बसले. दिनानाथ दर मिनिटाला "वाजला का?" विचारत होते. अखेर वाजला. दिपिकाने तो स्पीकरवर घेतला.

"गेला फॉर्म! नंबर पन आला," पोपट ओरडला. "पन मावशीला सांगू नको हां, फीच्या पुढं शून्यच आलाय."

"शून्य कसा?" काशीबाई फोनवर वाकल्या. "पातेलं लिव म्हनावं!"