माल्टाच का?

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहिते.

मी मालेगावात इंग्रजीच्या शिकवण्या घेते. आज माझी एक जुनी विद्यार्थिनी आली, जवळच्या किन्हीराजा गावची. ती माल्टाच्या कॉलेजात अर्ज करतेय. माल्टा म्हणजे भूमध्य समुद्रातलं बेट, नकाशात तुरीच्या दाण्याएवढं. अर्जासोबत पत्र हवं होतं: शिकायला हेच बेट का?

मी कारणं लिहीत गेले. तिथं इंग्रजी चालतं, हवा चांगली, बेट लहान म्हणून सुरक्षित. समुद्रावरही एक वाक्य टाकलं. तिनं अजून समुद्र पाहिलेला नाही.

मग सहज विचारलं, "खरं कारण काय वं?"

"मॅडम, आतापर्यंत सहा जण मले पाहून गेले. पुण्याले नोकरीले गेली, तं पाव्हणे तिथंबी आले. बेटावर कोण येईन पाहाले?"

मी हसले. पत्र पूर्ण करून दिलं.

ती गेल्यावर तासाभरात तिच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, तुमी सांगितलेलं अकोल्याचं स्थळ रविवारी येऊन राह्यलं. पोरगी नाही म्हणते. तुमचं ऐकते, तुमी या समजवाले."

ते स्थळ मीच दिवाळीत सुचवलं होतं, माझ्या मावसभावाचा मुलगा. सुचवून विसरूनही गेले होते. मुलगा खरंच चांगला आहे, तेच तर अवघड आहे.

मी "बरं, येते" म्हणून फोन ठेवला. दुसरं काही सुचलंच नाही.

तुम्हाला सुचलं तर सांगा, रविवारच्या आत.