मनगटावरची लाल फीत

लिफ्टवाल्या काकांच्या पिशवीत हल्ली वीज मोजायचे दोन मल्टिमीटर असत. त्यातला एक खोटं बोलतो असा त्यांना दाट संशय होता. कोणता, ते काही केल्या ठरत नव्हतं.

उभा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला. मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना ते दाराच्या फटीतून म्हणत, "घाबरू नका, मी आलोय." आणि आतला कालवा खरंच शांत व्हायचा. आता त्यांचे हात थरथरत, आणि कधी कधी कालचा अख्खा दिवस हातातून निसटे. म्हणून कामाला जाताना सोबत लेक असे. ती शिवणकाम करायची. सुईत दोरा एका झटक्यात ओवणारी बोटं तिची. "डोकं माझं, हात तुझे," काका म्हणत. यातलं डोकं अजून किती शिल्लक आहे, हे तिनं कधी विचारलं नाही.

त्या दुपारी बोलावणं आलं ते हॅलोमास्तरांचं. मास्तर निवृत्त, भूगोलाचे. दिवसभर वायरलेसवर जगातल्या अनोळखी माणसांना हॅलो करत बसायचे, म्हणून हे नाव. त्यांच्या परसात लोखंडी टॉवर होता: एकात एक बसणारे तीन भाग, मोटार फिरली की तारेच्या दोराच्या ओढीनं वर सरकणारे, आणि टोकाला अँटेना. ती मोटार काकांनीच बसवलेली.

"काका, सकाळपासून हा असा पूर्ण वर जाऊन अडकलाय," मास्तर फाटकातच म्हणाले. "संध्याकाळी वादळी वारा सुटणार असं सांगतायत. कोसळला तर शेजारच्यांच्या पत्र्यावर जाईल. आत म्हातारी झोपून असते."

"येईल खाली. माझ्या हातचा आहे तो," काका स्टुलावर बसत म्हणाले. "चल गं. सप्लाय बघ."

"दोनशे अठ्ठावीस."

"दुसऱ्या मीटरवर?"

"दोनशे अठ्ठावीसच, बाबा."

"मग ठीक. दोघं मिळून खोटं बोलायचे नाहीत. खाली यायचं बटण दाब."

मोटार नुसती गुरगुरली, फिरली नाही.

"कपॅसिटर बघ. तो धक्का देतो तेव्हा मोटार सुरू होते."

तिनं झाकण काढलं. "फुगलाय, बाबा."

"किती? तुझ्या मावशीच्या नवऱ्याइतका?"

"बाबा!"

मास्तर हसले. काका मात्र एकदम गंभीर झाले. "फुगला म्हणजे मोटारीवर ताण आलाय. मास्तर, वरच्या टोकाला ती आपोआप थांबली नाही?"

"नाही ना. थांबेलच म्हणून मी बटण दाबून रेडिओकडे बघत राहिलो. मग करकर आवाज आणि जळका वास."

"थांबायलाच हवी. शेवटचा स्विच मी लिफ्टसारखा टाकलाय. टोक ओलांडलं की वरही नाही, खालीही नाही, सगळं बंद. ती डबी उघड गं."

डबीत गंजका स्विच होता. त्याच्या दोन स्क्रूंना जोडून, स्विचला बगल देऊन, वायरीचा एक पिवळा तुकडा लावलेला.

"जंपर आहे, बाबा."

"जंपर?" काका ताडकन उठले. "कुठल्या गाढवानं लावला? मास्तर, कुणाला हात लावू दिलात माझ्या कामाला?"

मास्तरांनी तोंड उघडलं. लेकीनं त्यांच्याकडे बघून मान हलवली, अगदी जरा, नाही म्हणून. मास्तरांनी तोंड मिटलं.

तिनं तो पीळ ओळखला होता. डावीकडे वळवून टोक आत दुमडलेला. तसा पीळ एकच माणूस द्यायचा, डावखुरा.

आणि तिला महिन्यापूर्वीची संध्याकाळ आठवली. बाबा न सांगता कुठेतरी जाऊन आले होते. मनगटावर लाल फीत. लिफ्टच्या कामातला त्यांचा नियमच होता तो: जंपर लावला की हाताला लाल फीत बांधायची. जेवताना, झोपताना सोडायची नाही. जंपर निघाला की फीत निघणार. पण हल्ली बाबा मनगटाला काहीही बांधत. रुमाल, पिशवीचा बंद, एकदा तर तिची मोजपट्टी. फीत मळली होती, भिजली होती. आंघोळीच्या वेळी तिनं कात्रीनं कापली आणि टाकून दिली. रात्रभर ते मनगट चोळत होते. "काहीतरी राहिलंय गं माझं."

"काही राहिलं नाही, बाबा. जेवा."

"बघत काय बसलीस? काढ तो जंपर आधी," काका ओरडले.

तिनं जंपर काढला, नवा कपॅसिटर बसवला, बटण दाबलं. आता तर गुरगुरही नाही.

"बरोबर. टोक ओलांडलंय, स्विचनं सगळं तोडलं. खाली आणायचं तर जंपर पुन्हा लावावाच लागेल." त्यांनी शर्टाचा खिसा चाचपला, पँटचा, मग पिशवी. "माझी फीत कुठंय?"

त्यांनी तिच्या हातातून पिवळी वायर घेतली आणि तो पीळ बोटांनी उलगडायला लागले. बोटं आपोआप बरोबर बाजूला फिरली. मध्येच थांबली.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "मी आलो होतो का इथे?"

"आला होतात. स्विच गंजलाय, उद्या नवा आणतो म्हणालात. मला वाटलं, मागाहून येऊन बसवलात. विचारायचं राहिलं."

"आणि हाताला फीत होती?"

"मी कापली, बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, उगाच बांधलीय."

ते रागावतील याची ती वाट बघत होती. रागावले असते तर बरं झालं असतं. "नसती कापलीस तरी काय," ते म्हणाले. "बघून आठवलं असतं, की नसतं आठवलं."

मास्तरांनी घरातून लाल टेप आणली. काकांनी सवयीनं मनगट पुढे केलं. मग मागे घेतलं. "तिच्या हाताला."

जंपर लागला. बटण दाबताच मोटार फिरली. वरचा भाग सरसर खाली येऊ लागला आणि मास्तरांनी टाळी वाजवली. एक तृतीयांश आला असेल. मग आवाज जड झाला, आणि तोच जळका वास. तिनं बोट उचललं.

"वाइंडिंग गेलं. मोटार जळली आतून," काका म्हणाले.

"हातानं फिरवू, बाबा? हँडल आहे."

"दोर बघ."

ताणानं दोराच्या तारा तुटून काट्यांसारख्या वर आल्या होत्या. त्या दोरावर अजून दोन भाग लोंबत होते.

"आता काही करता येणार नाही," काका म्हणाले. हे वाक्य तिनं त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

क्रेनवाल्यानं फोनवर उद्या सकाळचं सांगितलं. मास्तरांनी टॉवर तिन्ही बाजूंनी दोरखंडानं ताणून बांधला. शेजारच्यांनी म्हातारीला खुर्चीसकट उचलून पलीकडच्या घरात नेलं. ती बिचारी सगळ्यांनाच विचारत होती, माझं काय चुकलं म्हणून. मेन स्विच बंद झाला. जंपर उद्यापर्यंत तसाच राहणार होता.

तिघं मागच्या पायरीवर बसले. वारा सुटला. वर लोखंड लोखंडावर खडखडायला लागलं. मास्तर दर खडखडाटाला डोळे मिटत.

बऱ्याच वेळानं काकांचं लक्ष लेकीच्या मनगटाकडे गेलं. त्यांनी ते हातात धरलं.

"हे काय? जंपर लावलायस कुठे?"

मास्तर जमिनीकडे बघायला लागले.

"हो, बाबा. मीच लावलाय."

"मग काढायला विसरू नकोस हं," ते म्हणाले, आणि टेपचं सुटलेलं टोक थरथरत्या अंगठ्यानं दाबून बसवू लागले. ते काही बसेना.