आडवी अक्षरं

बुवाबाजीच्या विरोधात मी लालबागच्या नाक्यावर उभं राहून स्वतः पत्रकं वाटलीत. त्यामुळे हे इथे लिहिताना लाजच वाटतेय... पण घडलेलं लपवणं हीसुद्धा फसवणूकच की!

परळला चाळीत आमची एक खोली. मी, बाबा आणि त्यांची मोठी बहीण, माझी उषाआत्या. आत्यानं ठाकूरद्वारच्या एका छापखान्यात जन्मभर प्रुफं तपासली. मी वाचायला शिकलो ते तिनं घरी आणलेल्या पत्रकांवर. गेल्या वर्षी तिला पक्षाघात झाला आणि वाचाच गेली. बाबांनी तिला शुश्रूषा केंद्रात ठेवायचं ठरवलं होतं. "तिला आता काही कळत नाही रे," असं तिच्यादेखतच म्हणायचे. मी भांडायचो — कळतं तिला! पण पुरावा काय देणार?

त्यातच कॉम्प्युटर बिघडला. चाळीच्या पुनर्विकासाच्या सभेचं पत्रक मी घरीच करत होतो. मशीन सारखं बंद पडायचं आणि पुन्हा चालू केलं की स्क्रीन आडवा! सगळी अक्षरं कुशीवर झोपलेली. सरळ करावा, तर थोड्या वेळानं परत तेच.

माझगावचा माझा मित्र फ्रान्सिस कॉम्प्युटर दुरुस्त करतो. तो दुपारी आला, मशीन उघडलं, रॅम काढून खोडरबरानं घासली. बंद पडणं थांबलं.

"लूज होती. खतम!" तो म्हणाला... आणि आमच्या डोळ्यांसमोर स्क्रीन फिरला.

"कंट्रोल-आल्ट आणि बाण दाबलास तू, म्हणून फिरला," फ्रान्सिस म्हणाला.

"हात बघ ना माझे!"

"मग तुझ्या पत्रकांतल्या क्रांतीनं दाबला असेल."

त्यानं कीबोर्डच काढून टाकला. तरी फिरला. ड्रायव्हर नव्यानं टाकला. शेवटी स्कूटरवरून आणलेला स्वतःचा मॉनिटर जोडला — तोही आडवा. फ्रान्सिसची थट्टा बंद झाली.

तेवढ्यात मागून घोगरा, तुटका आवाज आला.

"रू... दीर्घ."

मागे खाटेवर आत्या टेबलाकडे तोंड करून कुशीवर होती. मी स्क्रीनकडे पाहिलं. मथळा होता, 'भाडेकरुंनो, एक व्हा!' हवं होतं 'भाडेकरूंनो'. मी तिच्या उशीवर डोकं टेकवलं. तिथून प्रत्येक ओळ अगदी सरळ दिसत होती.

बाबा मोरीतून धावत आले. "काय म्हणाली?"

"माझी चूक काढली!"

बाबा खाटेच्या कडेला बसले. "ताई... कळतं तुला?"

तिनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दीर्घ," पुन्हा म्हणाली, जरा रागानंच.

बाबांचे डोळे भरले आणि ते माझ्यावरच ओरडले, "अरे, आधी दुरुस्त कर ना ते!"

शुश्रूषा केंद्राचा विषय घरात परत निघाला नाही. आता आत्याची स्पीच थेरपी चालू आहे. वाचा अशी परत येऊ शकते, असं डॉक्टर म्हणतात. ते मला पटतं. पण स्क्रीनचं काय? फ्रान्सिस म्हणतो ग्राफिक्सचा फॉल्ट असेल — कुठला, ते त्यालाही सांगता येत नाही. त्या दुपारनंतर स्क्रीन आपणहून एकदाही फिरलेला नाही. आता तिच्यासाठी मीच फिरवतो. बुवाबाजीविरुद्ध पत्रकं मी यापुढेही वाटणार.

काल सभेचा नवा मजकूर तिला दाखवला. बराच वेळ वाचत होती. मग म्हणाली, "फार... लांबवलंयस."