फक्त मीठ आणि मिरी

“हे ग्रिलिंग झालं. याला बार्बेक्यू म्हणत नाहीत.”

सिंगापुरात, आमच्या बेडोकच्या काँडोत कुणी स्विमिंग पूलशेजारच्या सामाईक शेगडीवर, म्हणजे पिटवर, कोंबडीचे विंग्ज टाकले, की चिमटा वाजवत हा आमचा शेजारी हजर व्हायचा. हातात कोपरापर्यंत काळे हातमोजे. तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा असेल, न बोलावता येणारा आणि न जेवता शिकवणारा.

मूळचा पुण्याचा, नोकरी तुआसच्या एका कारखान्यात. कंपनीने एकदा सहा महिने टेक्सासला पाठवलं, तेव्हापासून हा टेक्सासचा झाला तो झालाच. “मेम्फिसवाले बरगड्यांना कोरडा मसाला चोळतात, कॅरोलिनात डुकराला व्हिनेगरची आंघोळ, आणि कॅन्सस सिटीवाले तर काकवीचा सॉस फासून मांस लपवतात. टेक्सासमध्ये ब्रिस्केट, गाईच्या छातीचा अख्खा तुकडा. फक्त मीठ आणि मिरी. बाकी सगळी लपवाछपवी.”

त्याची कॉलेजातली मुलगी शेवटी म्हणायची, “पापा, एव्हरीबडी हंग्री ऑलरेडी, लाह.”

एकदा पनीर भाजणाऱ्या माझ्या बायकोला त्याने गंभीरपणे विचारलं, “वहिनी, ही कुठल्या प्रांताची शैली?”

“आमच्या फ्रीजची,” ती म्हणाली.

ब्रिस्केटचा रंग, त्यावरची काळी खपली, बारा-चौदा तासांचा मंद धूर, सगळं तो डोळे मिटून सांगायचा. चव मात्र कधी सांगितली नाही. विचारलं तर म्हणायचा, “ती सांगून कळत नाही.” आम्ही त्याला मनसोक्त हसायचो.

मग त्याच्या खात्यावर कुऱ्हाड येणार अशी बातमी आली. कुणाला ठेवायचं हे टेक्सासचा बडा साहेब येऊन ठरवणार होता. नोकरी गेली की कामाचा पास गेला आणि पास गेला की सिंगापूर गेलं, हे इथे प्रत्येकाला पाठ आहे. दुसऱ्या कुणी अशा वेळी कामाचा अहवाल नीट केला असता. याने साहेबाला ब्रिस्केट खायला बोलावलं.

घरात बीफ शिजणार नाही असं त्याच्या बायकोने बजावल्यामुळे दिवसभराचे पिटचे स्लॉट आम्हा शेजाऱ्यांच्या नावांवर बुक झाले. हा पहाटेपासून निखाऱ्यांपुढे बसून. लाकडाच्या चिपांचा असा धूर झाला, की वॉचमन दोनदा बघून गेला. आम्ही आपली हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीतून साते, म्हणजे काड्यांवर भाजलेली कोंबडी, मागवली होती.

संध्याकाळी साहेब आला. अगडबंब आणि मोकळा माणूस. त्याने पहिला तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिला.

“मीठ घालायचं राहिलंय का?” त्याने विचारलं.

“शक्यच नाही,” आमचा तज्ज्ञ म्हणाला.

साहेबाने एक तुकडा काट्याला टोचून त्याच्यापुढे धरला. “तूच बघ.”

त्याने हातमोजा काढून काटा घेतला, तोंडापर्यंत नेला. त्याची बायको जागच्या जागी उभी होती. एक घास खाल्ला असता तर साहेबही खूश झाला असता आणि त्याची इतक्या वर्षांची बढाईही वाचली असती.

त्याने काटा खाली ठेवला. “मी खात नाही. कधीच खाल्लं नाही. टेक्सासला निघताना आईला शब्द दिला होता.”

“मग एवढं सगळं तुला कळलं कसं?”

“बघून. वास घेऊन.”

त्या क्षणी तो मला पहिल्यांदाच फार आवडला. साहेबाने साते उचलली, शेंगदाण्याच्या चटणीत बुडवली आणि मग तीच खात बसला. मिठाचा डबा वर घरात, ओट्यावरच राहिला होता.

महिनाभरात यादी आली. दोघे राहिले, त्यांत हा नव्हता. ब्रिस्केटमुळे असं मी म्हणणार नाही, पण मनात येतंच. मुलगी शिक्षणासाठी हॉस्टेलवर राहिली आणि हे नवरा-बायको पुण्याला गेले.

परवा पिटवर विंग्ज टाकले. सगळे खात होते, कुणीही कुणाला शिकवत नव्हतं, आणि मला ते बेचव वाटत होतं. मी त्याला फोन लावला.

“काय चाललंय?” त्याने विचारलं.

“बार्बेक्यू.”

मला वाटलं, आता हा सुरू होईल.

“मीठ बघितलंस का?” तो म्हणाला.