शैलाताईंचा सर्वात गाजलेला पेपर चुकीचा आहे

शैलाताई गेल्या, आणि आमच्या मेडिकल कॉलेजातल्या विभागाने शोकसभेत त्यांचा ग्राफ दाखवला.

खरंच. हार घातलेला फोटो, शेजारी प्रोजेक्टर, आणि पडद्यावर त्यांच्या एका रिसर्च पेपरची सायटेशन्स, म्हणजे दरवर्षी किती जणांनी तो आधाराला घेतला ते.

विभागप्रमुख लेझर पॉइंटर फिरवत म्हणाले, "देखिए, शैला जी नहीं रहीं, मगर ये लाइन आज भी ऊपर जा रही है."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत!

मला किळस आली. सरांची, टाळ्यांची आणि सगळ्यात जास्त स्वतःची.

कारण तो पेपर चुकीचा आहे. सरांना माहीत आहे. मलाही. पहिल्या लेखक ताई, दुसरे सर, तिसरा मी. आकडेमोड माझी.

जबलपूरच्या बाहेर, शेजारशेजारची दोन गावं. एका गावातल्या गर्भार बायांना रोज लोहाच्या दोन गोळ्या, दुसऱ्या गावात एकच. शेवटी रक्त तपासलं तर दोन्हीकडे सारखंच. आम्ही लिहिलं, एक गोळी पुरते.

पेपर धो धो चालला. विभागाला अवॉर्ड मिळाला.

गोळ्या खाल्ल्या की नाही, हे आम्ही कसं बघायचो? रिकाम्या पट्ट्या मोजून. पट्टी रिकामी, म्हणजे गोळी पोटात. पोती भरभरून पट्ट्या मोजल्यात मी.

काही वर्षांनी ताई त्यातल्या दोन गोळ्यांच्या गावात एका लग्नाला गेल्या. तिथे एक बाई हसत हसत म्हणाली, "मैडम, हमारी बहन उस गाँव में ब्याही थी. उसको कम मिलती थी, तो बाज़ार के दिन दोनों की मिला के बराबर बाँट लेते थे. सब यही करते थे."

सगळ्याच. बहिणी, नणंदा, जावा. दोन्ही गावांनी सारख्याच गोळ्या खाल्ल्या होत्या. आमचा अभ्यास झालाच नव्हता.

ताई सोमवारी पेपर मागे घ्यायचं पत्र टाइप करूनच आल्या. स्वतःची सही केलेली. खाली आमच्यासाठी जागा.

सर म्हणाले, "पागल हो गई हैं क्या? अवॉर्ड इसी पे मिला है."

मी म्हणालो, "ताई, आकडे तर बरोबर आहेत ना."

"आकडे बरोबरच असतील रे. गोळी कोणी खाल्ली, ते आपण विचारलं काहून नाही?"

माझ्या प्रमोशनची फाइल तेव्हा सरांच्या टेबलावर होती. मी सही केली नाही.

ताईंनी एकटीने जर्नलला लिहिलं. उत्तर आलं, लेखकांमध्ये मतभेद आहेत, तुमच्या संस्थेने चौकशी करावी. चौकशी कुणी केली? सरांनीच. अहवालात लिहिलं, मॅडम तणावाखाली आहेत.

रिटायर होईपर्यंत त्यांना स्टोअररूमशेजारची खोली दिली. आम्ही चहालाही बोलवत नव्हतो.

दोन वर्षांपूर्वी महाराजपूरला त्यांच्या घरी गेलो होतो. जेवणाच्या टेबलावर जुना लॅपटॉप उघडून बसल्या होत्या.

"काय करून राहिल्या ताई?"

"मेल लिहून राहिले. आणखी एकानं आपला पेपर सायट केला. चूक आहे म्हणून सांगायला तर पाहिजे ना त्याले."

प्रत्येकाला लिहायच्या. जो जो तो पेपर वापरेल त्याला. बहुतेक जण उत्तरच देत नसत. तरी पुढचा मेल.

सर ज्या रेघेवर लेझर फिरवत होते, तिच्यातल्या एकेका माणसाला ताईंनी हात जोडून सांगितलं होतं की बाबा, हे वापरू नको.

आता माझं ऐका.

मागच्या वर्षी भाचीला दिवस गेले. कांचघरहून मीच तिला सदर भागातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी एकच गोळी लिहून दिली. म्हणाल्या, "नया रिसर्च है, एक काफ़ी है."

मी चिठ्ठी घेतली. बाहेर येऊन भाचीला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. तिथे रक्त तपासून दोन लिहून मिळाल्या.

पहिल्या दवाखान्याच्या बाकावर पाच-सहा जणी बसल्या होत्या. हातात तीच चिठ्ठी. त्यांच्याशी मी एक शब्दही बोललो नाही.

काल शोकसभेत मलाही दोन शब्द बोलायला उभं केलं. मी म्हणालो, "ताई फार शिस्तीच्या होत्या." आणि खाली बसलो. थू.

आज सकाळी ताईंच्या मुलीकडे जाऊन ते पत्र मागून आणलं. तिने चहा विचारला नाही. बरंच केलं.

सही करून पत्र जर्नलला पाठवलंय. सरांनाही पाठवलंय. आणि इथे सगळ्यांसमोर लिहितोय, म्हणजे परत फिरायला मला जागा उरणार नाही.

डॉक्टर मित्रांनो, तो पेपर वापरू नका. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.

ताई, तुम्ही होत्या तेव्हा एक सही मागितली होती, दुसरं काहीच नाही. ती मी तुमच्या मागे केली.

माफी मागायचं तोंड नाही. नमस्कार करतो.